स्मार्ट टीव्ही तुमचे पाहणे नोंदवतो. ते बंद कसे करायचे

पाडव्याला किंवा दिवाळीत टीव्ही घ्यायचा ही पुण्यातल्या बऱ्याच घरांची रीत. टीव्ही लक्ष्मी रस्त्यावरून आणा, तपकीर गल्लीतून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पुढचे सगळे सारखेच घडते. एक-दोन दिवसांत कंपनीचा माणूस येतो, भिंतीला ड्रिल मारून टीव्ही टांगतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो आणि रिमोट हातात घेऊन पटापट पुढे जातो. त्याला त्याच दिवशी आणखी चार घरे करायची असतात. पडद्यावर इंग्रजीतला लांबलचक मजकूर येतो, खाली ‘सगळे मान्य’ अशा अर्थाचे बटण असते, ते तो दाबतो. तुमच्या घरात काय पाहिले जाते, किती वाजता आणि किती वेळ, याची नोंद ठेवण्याची परवानगी अनेकदा त्या एका बटणातच असते. कागदोपत्री ती तुम्ही दिलेली असते. प्रत्यक्षात तुम्ही तो मजकूर पाहिलेलाही नसतो.

ही परवानगी परत घेता येते. त्यासाठी तंत्रज्ञानाची माहिती लागत नाही. रिमोट, चष्मा आणि अर्धा तास शांत वेळ पुरतो. पहिल्यांदाच स्मार्ट टीव्ही घेणाऱ्यांसाठी, आईवडिलांच्या घरी टीव्ही लावून देणाऱ्या मुलांसाठी आणि वाकड, खराडी, हडपसरकडे सामानासकट फ्लॅट भाड्याने घेतलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

टीव्ही नेमके काय टिपतो

बहुतेकांना वाटते, आपण यूट्यूबवर काय पाहतो ते यूट्यूबला कळते, एवढेच. ते खरेच आहे, पण इथे गोष्ट वेगळी आहे. टीव्हीच्या आत एक यंत्रणा असते, तिचे नाव ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, थोडक्यात एसीआर. ती पडद्यावर चाललेल्या चित्राचे किंवा आवाजाचे छोटे नमुने सतत घेत राहते. त्या नमुन्यापासून आकड्यांची एक खूण तयार होते, ती इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथे साठवलेल्या लाखो कार्यक्रमांच्या खुणांशी ताडून पाहिली जाते. जुळली की कळते: या घरात आत्ता अमुक मालिका, अमुक सामना, अमुक जाहिरात चालू आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. नमुना पडद्यावरून घेतला जातो, त्यामुळे चित्र कुठून आले याने फरक पडत नाही. केबलचा सेट-टॉप बॉक्स, डीटीएच, जुना डीव्हीडी प्लेअर, एचडीएमआय वायरने जोडलेला लॅपटॉप, सगळे एकाच पडद्यावर येते आणि तिथेच टिपले जाऊ शकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसह तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही ब्रिटन आणि अमेरिकेत तपासले. टीव्ही नुसता लॅपटॉपचा मॉनिटर म्हणून वापरला तरी एसीआरची ये-जा चालू असल्याचे त्यांना दिसले. त्याच तपासणीत एक दिलाशाची गोष्टही निघाली: सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतल्यावर एसीआरच्या सर्व्हरकडे जाणारी माहिती थांबली. म्हणून हा अर्धा तास खर्च करण्यात अर्थ आहे.

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जाते ती खूण, तुमच्या दिवाणखान्याचा फोटो नव्हे. मुंजीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर लावला तर तो कोणत्याच साठ्याशी जुळणार नाही. पण पेनड्राइव्हचाच विषय निघाला म्हणून सांगतो. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका ग्राहकाने स्वतःच्या एलजी टीव्हीतून बाहेर जाणारी माहिती तपासली, तेव्हा पेनड्राइव्हवरच्या फायलींची नावेसुद्धा जाताना त्याला दिसली, आणि नोंद ठेवण्याचा पर्याय त्याने बंद केलेला होता. बोभाटा झाल्यावर कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले.

सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतल्या विझिओ कंपनीचे. १ कोटी १० लाख टीव्हींमधून ही कंपनी ग्राहकांना न सांगता सेकंदासेकंदाची नोंद घेत होती, असा आरोप तिथे ग्राहकहिताचे काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यू जर्सी राज्याने ठेवला. त्या नोंदींना घरातल्यांचे वय, उत्पन्न, शिक्षण, लग्न झाले आहे की नाही, घर स्वतःचे आहे की नाही अशी माहिती जोडून ती विकण्याची सोय केल्याचेही तक्रारीत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून कंपनीने तडजोड केली. या सगळ्याला मेनूत नाव काय होते? ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’. या नावावरून कोणाला काय कळणार? पुढे डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने विझिओ विकत घेतली, आणि जाहिरातींचा व्यवसाय वाढवणे हा त्यामागचा हेतू त्यांनी उघड सांगितला होता. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल या पाचही कंपन्यांवर एसीआरवरून दावे लावले. दावे म्हणजे आरोप, निकाल नव्हेत. पण ही नावे आपल्याही दुकानांत ओळीने मांडलेली असतात, म्हणून आपण लक्ष घालायला हवे.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न मला हटकून विचारतात, विशेषतः ज्येष्ठ मंडळी. प्रश्न लपवण्याचा नाहीच. घर पहाटे किती वाजता जागे होते, दुपारी कोणी एकटे असते का, कोणत्या वृत्तवाहिनीचे मत रोज ऐकले जाते, गेला महिनाभर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ का चालले आहेत, हे सगळे टीव्ही पाहण्यातून कळते. शेजाऱ्याने खिडकीतून पाहून हे वहीत लिहून ठेवले असते तर आपण त्याला जाब विचारला असता. आपल्याकडे टीआरपी मोजणारी बार्क ही संस्था पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवते, पण त्या घरांना मीटर बसवल्याचे माहीत असते. टीव्हीसमोर कोण बसले आहे हे घरचे लोक स्वतः बटण दाबून सांगतात. मोजणीला माझा विरोध नाही. घरच्यांना न कळता होणाऱ्या मोजणीला आहे.

जोडणीच्या दिवशी रिमोट स्वतःच्या हातात ठेवा

माणूस आला की त्याला आधीच सांगा: ‘दादा, तुम्ही टीव्ही भिंतीला लावून चालू करून द्या. पुढचे मी करतो.’ तो नाही म्हणत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. वॉरंटीच्या नोंदणीसाठी बिल आणि अनुक्रमांक लागतो. त्यासाठी जीमेलचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही सांगायची गरज नाही. फोनवर आलेला ओटीपी कशासाठीचा आहे हे वाचल्याशिवाय तर मुळीच सांगू नका.

तो गेल्यावर निवांत बसा. पहिल्यांदा भाषा विचारतील, मग ‘घर’ की ‘दुकान’ असे विचारतील, तिथे घर निवडा. मग येतात अटी. इथे एकच बटण मोठे आणि रंगीत असते, सगळे मान्य करणारे. ते सोडा आणि एकेक ओळ उघडा. साधारणपणे पहिली एक-दोन संमती दिल्याशिवाय टीव्हीची इंटरनेट सेवा चालत नाही, ती द्यावी लागते. बाकीच्या ऐच्छिक असतात: पाहण्याच्या माहितीची सेवा, आवडीनुसार जाहिराती, आवाज ओळखण्याची सेवा. या तिन्हींवरची खूण काढली तरी मालिका, सामने, सिनेमे सगळे पूर्वीसारखेच दिसते. चित्राचा दर्जा तसूभर कमी होत नाही. कमी होते ते एवढेच, की ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणून दाखवलेल्या चौकटी तितक्या नेमक्या राहत नाहीत.

टीव्ही ‘गूगल टीव्ही’ या गूगलच्या प्रणालीवर चालत असेल तर तो गूगल खाते मागतो. बँकेचे ईमेल ज्या खात्यावर येतात ते इथे घालू नका. टीव्हीसाठी वेगळे खाते काढा. दहा मिनिटांचे काम आहे आणि पुढे घर बदलताना, टीव्ही विकताना किंवा पाहुण्यांनी रिमोट हातात घेतल्यावर त्याचा फायदा कळतो.

टीव्ही आधीच लावलेला असेल तर ही ओळ शोधा

मॉडेल आणि वर्ष बदलले की मेनू बदलतो, म्हणून रस्ता तंतोतंत जुळला नाही तरी गोंधळू नका. शब्द लक्षात ठेवा: ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन’, ‘इंटरेस्ट बेस्ड’, ‘पर्सनलाइज्ड’, ‘व्हॉइस’, ‘डायग्नॉस्टिक्स’. यातला एकही दिसला की तिथे थांबून वाचा.

सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधून ‘जनरल अँड प्रायव्हसी’, तिथून ‘टर्म्स अँड प्रायव्हसी’ आणि त्यात ‘प्रायव्हसी चॉइसेस’. ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’ ही ओळ म्हणजेच एसीआर. ती बंद करा, आणि खालची ‘इंटरेस्ट बेस्ड ॲडव्हर्टाइजमेंट’ही.

एलजीमध्ये हे दोन ठिकाणी विभागलेले आहे आणि लोक इथेच चुकतात. ‘जनरल’ मधल्या ‘सिस्टीम’च्या आत ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ असते, तिथे ‘लाइव्ह प्लस’ नावाची ओळ दिसेल. नावात कुठेही नोंद किंवा माहिती हे शब्द नाहीत, पण बंद करायची ती हीच. त्यानंतर ‘सपोर्ट’मध्ये ‘प्रायव्हसी अँड टर्म्स’ उघडून ‘यूजर ॲग्रीमेंट्स’मधली पाहण्याच्या माहितीची संमतीही काढा. एकच केले आणि दुसरे राहिले तर काम अर्धे झाले.

सोनी, टीसीएल, शाओमी आणि इतर बरेच ब्रँड गूगल टीव्हीवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर चालतात. तिथे माहिती घेणारे दोघे असतात, गूगल आणि टीव्हीची कंपनी. गूगलसाठी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ उघडा, ‘ॲड्स’मध्ये जाहिरात ओळख क्रमांक पुसून टाका किंवा वैयक्तिक जाहिराती नाकारा, आणि ‘यूसेज अँड डायग्नॉस्टिक्स’ बंद करा. कंपनीचे स्वतःचे पान वेगळे असते, बहुतेकदा त्याच मेनूच्या तळाशी. काही सोनी टीव्हींत सांबा टीव्ही नावाची तिसऱ्याच कंपनीची सेवा दिसते. दिसली तर तीही बंद करा.

ॲमेझॉनचा फायर टीव्ही किंवा टीव्हीच्या मागे खोचायची त्याची स्टिक लावली असेल तर ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’मध्ये वापराची माहिती गोळा करणारे पर्याय आणि आवडीनुसार जाहिरातींचा पर्याय सापडतील. सगळे बंद.

झाले की प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कधी नव्या अटींचे पान पुन्हा समोर येते, आणि सामना सुरू व्हायची घाई असलेला घरातला कोणीतरी ते मान्य करून मोकळा होतो. जुना फोटो हाताशी असला की काय बदलले ते लगेच कळते. महिन्याचे लाइट बिल भरता त्या दिवशी एकदा मेनू उघडून पाहायची सवय लावा.

माइक आणि कॅमेरा

रिमोटवरचे माइकचे बटण दाबल्यावरच ऐकणारे टीव्ही आणि खोलीतून हाक मारल्यावर जागे होणारे टीव्ही, हे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या कडेला माइक बंद करायची छोटी कळ असू शकते, ती बंद ठेवा. २०१५ मध्ये सॅमसंगच्या धोरणातले एक वाक्य जगभर गाजले होते: आवाज ओळखण्याची सेवा वापरताना तुमच्या बोलण्यात खासगी माहिती आली तर तीही टिपली जाऊन तिसऱ्या पक्षाकडे जाईल. कॅमेरा असलेले टीव्ही कमी आहेत. असेल तर वापर नसताना झाकण लावा.

ॲपचे गणित वेगळे

टीव्हीतले एसीआर बंद केले म्हणजे यूट्यूब किंवा जिओहॉटस्टारने नोंद ठेवणे थांबले असे नाही. प्रत्येक ॲप आपापली नोंद स्वतंत्र ठेवते. यूट्यूबमध्ये पाहण्याचा आणि शोधण्याचा इतिहास थांबवता येतो, जुना पुसता येतो. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करा. त्यामागे कायद्याचेही कारण आहे, ते शेवटी येते. इंटरनेट कंपनीने ब्रॉडबँडबरोबर दिलेला स्मार्ट बॉक्स असेल तर त्यातही वेगळा खासगीपणाचा मेनू असतो, तो तपासा.

भाड्याच्या घरातला टीव्ही

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांनी हा भाग सर्वांत लक्षपूर्वक वाचावा. अकरा महिन्यांचा करार, सामानासकट फ्लॅट, भिंतीवर मालकांचा टीव्ही. यादीत पंखे, गीझर, गाद्या मोजल्या जातात, पण टीव्हीत कोणाचे खाते चालू आहे हे कोणी पाहत नाही.

तिथे बहुतेकदा मालकांचे, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे गूगल खाते असते. तुम्ही यूट्यूबवर जे शोधाल ते त्या खात्याच्या इतिहासात जाते. म्हणजे नागपूरला किंवा अमेरिकेत बसलेल्या मालकांच्या मोबाइलवर तुमच्या शनिवार रात्रीच्या शोधांची यादी दिसू शकते. त्यांनी मुद्दाम काही केलेले नसते, पण दिसते. उलट बाजूही तशीच: तुम्ही घर सोडून गेलात आणि खाते तसेच राहिले, तर पुढचा माणूस तुमच्या नावाने पाहतो, आणि कधीकधी तुमच्या खात्यावरून भाड्याने सिनेमेही घेतो.

म्हणून किल्ली हातात घेतानाच मालकांना नम्रपणे विचारा, ‘काका, टीव्ही एकदा फॅक्टरी रीसेट करून घेऊ का? तुमचे खाते त्यात आहे, ते निघून जाईल.’ मालकांच्याही भल्याचेच आहे, त्यामुळे बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. होकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रीसेटचा पर्याय सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, ‘अबाउट’ किंवा ‘सपोर्ट’ यांपैकी कुठेतरी असतो. त्यानंतर टीव्ही कोरा सुरू होतो आणि अटींचे पान तुमच्यासमोर येते. वर सांगितल्याप्रमाणे एकेक ओळ वाचत पुढे जा.

फ्लॅटमध्ये तिघे-चौघे मिळून राहत असाल तर कोणा एकाचे रोजचे खाते टीव्हीत घालू नका. टीव्हीसाठी सामायिक खाते काढा आणि त्याला कोणाचाही मोबाइल जोडलेला ठेवू नका.

सोडताना याच्या उलट क्रमाने जा. आधी प्रत्येक ॲपमधून बाहेर पडा, मग रीसेट करा, आणि घरी पोहोचल्यावर मोबाइलवरून गूगल खात्यातली उपकरणांची यादी उघडून तो टीव्ही काढून टाका. नेटफ्लिक्ससारख्या सेवांमध्ये सगळ्या उपकरणांवरून एकदम बाहेर पडायची सोय आहे, ती वापरा. जुना टीव्ही विकताना, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात देताना किंवा कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या ई-कचरा संकलनात देतानाही हाच क्रम पाळा.

इंटरनेटच दिले नाही तर

काहींना हाच मार्ग सरळ वाटतो, आणि तो खरोखर सर्वांत पक्का आहे. फक्त केबलवर बातम्या आणि मालिका पाहणाऱ्या आजी-आजोबांच्या टीव्हीला वाय-फाय द्यायचेच कशाला? टीव्ही इंटरनेटला जोडलेला नसेल तर नोंद बाहेर जायला वाटच राहत नाही. आधी जोडला असेल तर नेटवर्कच्या मेनूत जाऊन पासवर्ड विसरायला लावा. लॅपटॉप एचडीएमआयने जोडून सिनेमे पाहता येतात. मात्र त्याऐवजी स्टिक लावलीत तर स्टिकची स्वतःची नोंद सुरू होते, ती वेगळी बंद करावी लागते.

मधला मार्ग राउटरचा. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय काढता येते. टीव्ही त्यावर ठेवला की घरातले मोबाइल आणि कॉम्प्युटर त्याला दिसत नाहीत. एसीआर याने थांबत नाही, आणि मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर पाठवणेही अडते. नेट लावून देणाऱ्या तुमच्या भागातल्या माणसाला सांगितले तर तो पाच मिनिटांत करून देतो.

कंपनीला लिहायचे असेल तर

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यातल्या तीन गोष्टी आत्ताच माहीत असू द्या. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असायला हवे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्यातून सूट फक्त सरकारने ठरवलेल्यांना.

तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, आणि त्याने तक्रार एका महिन्यात सोडवायची असते. खासगीपणा धोरणाच्या पानाच्या तळाशी हा पत्ता सापडतो. मजकूर असा ठेवा:

‘मी आपल्या कंपनीचा अमुक मॉडेलचा टीव्ही अमुक तारखेला घेतला. अनुक्रमांक अमुक. पाहण्याच्या माहितीची नोंद, आवडीनुसार जाहिराती आणि आवाज ओळखण्याची सेवा यांसाठीची संमती मी आज मागे घेत आहे. आजवर या टीव्हीवरून घेतलेली माहिती कोणती, ती कोणाला दिली, हे लेखी कळवावे आणि ती पुसून टाकावी. संमतीचा मजकूर मला मराठीत उपलब्ध करून द्यावा.’

सोबत बिलाची प्रत आणि मेनूचे काढलेले फोटो जोडा. महिनाभरात उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. पाठवलेला ईमेल आणि तक्रारीचा क्रमांक बिलाच्याच पाकिटात ठेवा.